रिकामा डबा परत करू नये

जळकोट,
१८ जानेवारी २०२५

चि. सौ. दीपमाला हीस,
वहिनीचे अ. उ. आ.

फोनवर बोलणार नाही आणि जळकोटात पाय ठेवणार नाही, अशी शपथ तू माझ्या शिवमच्या लग्नात भरमांडवात घेतलीस. पत्राबद्दल काही बोलली नव्हतीस, म्हणून लिहिते. वास्तुशांतीला तूच मला दिलेली मोरपंखी साडी मी तुलाच आहेरात दिली, हा गुन्हा मला कबूल. चाळीस साड्यांच्या ढिगात कुठली कुणाची, ते ध्यानात राहिलं नाही. दोन वर्षं झाली, आता किती ताणायचं?

आपला जीपवाला ईश्वरप्पा नांदेडला येतोय, त्याच्याकडे तिळाचे लाडू दिलेत. तीळगूळ खा, गोड बोल. नाही जमलं तर नुसतं खा. डबा मात्र सासूबाईंचा, ताडाच्या झाडाचं चित्र असलेला पिवळा डालड्याचा. तो परत पाहिजे. तुझे दादा बरे आहेत, गुडघा सोडून.

माझा लोभ आहेच, तुझा किती उरलाय ते कळव.
कस्तुराबाई

नांदेड,
६ फेब्रुवारी

ती. सौ. वहिनींस,
दीपमालेचा शि. सा. न. वि. वि.

लाडू पोचले. सातवा खाताना दाढ हलली, पण चव आईच्या हातची होती. ती साडी कपाटात आहे. दिसली की अजून डोकं तापतं. माहेरचा डबा रिकामा परत करू नये, हे मी तुम्हाला काय सांगावं? काय भरायचं ते सुचलं की ईश्वरप्पाकडे देईन.

इकडे मी चिमण्यांच्या नादी लागले आहे. कॉलनीतल्या बायकांना घरातल्या रिकाम्या कॅन-डब्यांची घरटी करायला शिकवते. कॅन सोड्यानं धुवायचा, दहाच्या नाण्याहून जरा मोठं भोक पाडायचं, कडा कानसीनं घासायच्या, पाणी निथळायला तळाशी छिद्रं. वरून पोतं गुंडाळलं की ऊन लागत नाही. आमचे हे म्हणतात, घरात आता फोडणीचं तेल ओंजळीतच ठेवावं लागणार. दादांच्या गुडघ्याला निर्गुडी बांधा.

लोभ असावा, राग सध्या माझ्याकडे राहू द्या.
दीपमाला

जळकोट,
१६ मार्च

चि. सौ. दीपमाला हीस,
आशीर्वाद वि. वि.

ईश्वरप्पा दोनदा हात हलवत आला. पहिल्यांदा म्हणाला, ताईंचा डबा भरायचा हाय. दुसऱ्यांदा म्हणाला, ताई आंघोळीला गेल्यात. दुपारी तीनला तू कसली आंघोळ करतेस?

काल शिवमच्या बायकोनं, पुनमनं, मोबाइलवर तुझं स्टेटस दाखवलं. ओळीनं बारा घरटी. बाराव्यावर ताडाचं झाड होतं आणि झाडाच्या बुंध्याशी भोक. तुझ्या दादांनी चष्मा पुसून दोनदा पाहिलं आणि शेताकडे निघून गेले. खरं काय ते लिही.

लोभ उत्तर आल्यावर ठरेल.
कस्तुराबाई

नांदेड,
२१ मार्च

ती. सौ. वहिनींस,
शि. सा. न. वि. वि.

हाव वहिनी, तोच डबा. महिला दिनाला अकरा बायका आपापले कॅन घेऊन बसल्या होत्या आणि शिकवणारीचाच कॅन ऐन वेळी तडकला. घाईत हाताला लागला तो उचलला. छिन्नीवर हातोडी पडली तेव्हा झाड दिसलं. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. आईची तेवढी एक वस्तू, आणि मीच तिला भोक पाडलं.

डाग देऊन बुजवावं म्हणून पत्रेवाल्या निजामोद्दीनचाचांना बोलावून आणलं. त्यांनी आत डोकावलं आणि हत्यारं पिशवीत घातली. आत तीन अंडी होती. अंड्यांवर पत्रा मारायचं काम आपण करत नाही, म्हणाले, आणि चहा पिऊन गेले. तुम्ही रागवा, मला चालेल. दादांचं गप्प राहणं मला सोसत नाही.

लोभ मागायला आज तोंड नाही.
दीपमाला

जळकोट,
२९ मार्च

चि. सौ. दीपमाला हीस,
अनेक आशीर्वाद.

वेडे, लाडू प्लास्टिकच्या बरणीतही मावले असते. सासूबाईंचा डबा मी मुद्दाम पाठवला. आमच्यासाठी नाही तरी तो परत करायला तरी तू घरी येशील, असं आम्हा दोघांना वाटलं. तू ईश्वरप्पाचं नाव काढलंस, तेव्हाच मी त्याला बजावलं, ताईंनी दिला तरी डबा घ्यायचा नाही. बिचारा दोन्हीकडून अडकला.

तुझे दादा रागावले नव्हते. शेतातून आले आणि जेवताना म्हणाले, "डबाच कापला, आता ती कशाला येईल?" पुढचा घास त्यांना गेला नाही. तू त्यांना लई हवी आहेस, दीपा. पिल्लं उडाली की डबा स्वतः घेऊन ये.

लोभ पूर्वीइतकाच, दाराशी उभा.
कस्तुराबाई

नांदेड,
१८ एप्रिल

ती. सौ. वहिनींस,
शि. सा. न. वि. वि.

काल तिन्ही पिल्लं उडाली. मी पुढच्या रविवारी दुपारच्या बसनं येते. मोरपंखी साडीला फॉल लावून घेतला आहे, तीच नेसते. दादांना पूर्वेच्या भिंतीला खिळा ठोकायला सांगा, चिमण्या वर्षात दोन-तीनदा अंडी घालतात.

डबा धुतलेला नाही. आतलं गवत, कापूस, माझ्या केसांचा गुंता, सगळं तसंच आहे. रिकामा घेऊन कशी येऊ?

लोभ समोर बसून मोजू.
शपथ मोडायला निघालेली,
दीपमाला