कपाटावरची बाहुली

कपाटावर हात फिरवू नकोस, बाहुली तिथे नाही. आपल्या चिमणीला आणि बाहुलीला घेऊन मी अनाथाश्रमात जातेय. भात कुकरमध्ये आहे.

सुट्टीत पोरीला द्यायला शिकवू, हे तुझंच टुमणं. तिने आपली लाडकी बाहुली अनाथाश्रमाच्या पिशवीत घातली, तू फोटो काढलास, आणि मग गुपचूप बाहुली काढून तिच्या जागी मोडकी गाडी कोंबलीस. "महागातली आहे गं," म्हणे!

काल तिला ती कपाटावर दिसली. रडलीसुद्धा नाही. आज तिने स्वतःहून दुसरी पिशवी भरली: तुटके खडू आणि एकच मोजा. "बाबांसारखं द्यायचं ना?"

आता बाहुली सोडायला ती तयार नाही. वाटेत समजावते. नाहीच ऐकलं, तर परत आणते. मग तूच सांग तिला, का द्यायची ते.