बाबांचा कान आणि दोन रिसीव्हर

हिंगोली, रविवार, २००९

बाबांना घेऊन दुकानात गेलो, पण होम थिएटरचा रिसीव्हर, म्हणजे स्पीकर जोडायचा डबा, काही ठरेना. दुकानदार म्हणाला, "हा स्वस्त, शिवाय मागं नेटची वायर लागते." पण दुसऱ्याचा आवाज दणदणीत. बाबांना एकाच कानानं ऐकू येतं, त्यांच्यासाठी कोणता घ्यावा? आणि घरी नेट तरी कुठंय? मी नुसती बटणं दाबत, आवाज चालू-बंद करत राहिलो. तेवढ्यात बाबा उठले, मधल्या छोट्या स्पीकरला चांगला कान लावून म्हणाले, "बंद काहून करतो? बोलणं समजून राहिलं!" तो स्पीकर म्हणे दोन्ही रिसीव्हरना लागतो. शेवटी नेटवालाच आणला. चुकलं का? कळत न्हाई. आता बाबा स्पीकरशेजारी बातम्या ऐकताहेत. इतकी वर्षं त्यांच्याशी ओरडूनच बोलणाऱ्या आईला आत्ता म्हणाले, "अगं, हळू बोल."