बाळासो कॅप्टनची टिंपनी

३ नोव्हेंबर, सकाळ
आजपासून रोज सराव. पुण्यात एका बंद पडलेल्या ऑर्केस्ट्राचं सामान निघालं होतं, त्यातून टिंपनीची जोडी आणली. तांब्याची दोन मोठी भांडी, वर ताणलेला पडदा. शिरूरमध्ये काय, आसपासच्या कुठल्याच ब्रास बँडकडे नाही. पिकअपमधून उतरवताना गल्लीतली ताईबाई म्हणाली, बाळासो, आंघोळीचं पाणी तापवायला यवढं मोठं कशाला रं, घरात माणसं तीन! हसू दे. पुढच्या महिन्यात दौंडला हनुमंत आप्पांच्या पोरीचं लग्न. तिथं टिंपनी गाजली की बँडचा कॅप्टन पुढंही मीच. नाहीतर पोरांच्या मनात नवनाथ आहे. साइड ड्रम वाजवतो. दिसायला बरा, बाकी काही नाही.

४ नोव्हेंबर
भांडी आली, काठ्या आल्याच नाहीत. व्हिडिओ बघितला. काठीच्या टोकाला गोळा लागतो, लोकरीचा नाहीतर फेल्टचा. गोळा मऊ तर घुमारा, कडक तर धार. बांबू तासला, टोकाला बूच बसवलं. लोकर लेक सायलीनं पहिल्या पगारातून आईला आणलेल्या स्वेटरची. एकच बाही कापली. दुसरा हात उबेतच राहील. मंडळीनं उरलेला स्वेटर कुलपात ठेवला. कला समजते तिला.

६ नोव्हेंबर
सराव नाही. सर्दी. उद्यापासून नक्की.

११ नोव्हेंबर
व्हिडिओतला गोरा म्हातारा म्हणतो, मध्ये मारू नका, कडेपासून वीतभर आत मारा. आणि मारली की काठी लगेच वर, तापल्या तव्यावरून बोट उचलावं तशी. त्याचं त्याच्या जागी बरोबर. त्याला कुठं वरातीत वाजवायचंय? मी मधोमध मारतो, दाबून. आवाज जरा बद्द येतो. पण वजन आहे त्यात.

१७ नोव्हेंबर
रोल जमला. दोन्ही काठ्या आलटून पालटून, भराभर. शेजारच्या तेजश्रीनं भिंतीपलीकडून विचारलं, काका, टाकी भरून वाहतीय का? म्हणजे सलगपणा आला.

२४ नोव्हेंबर
बँडसोबत पहिली तालीम. ठोका मारल्यावर मागे राहणारा घुमारा बोटांनी पडदा दाबून थांबवायचा असतो. मी पोटानं थांबवतो. हात मोकळे राहतात. नवनाथ म्हणाला, कॅप्टन, गाणं संपलं तरी तुमचं पोट काय थांबंना. सगळे हसले. वातावरण खेळीमेळीचं.
आमचा क्लॅरिनेटवाला धम्मदीप. त्यानं पडद्यावर टिचकी मारली. म्हणाला, कॅप्टन, हे चामडं न्हाई, प्लॅस्टिक हाय. मी म्हटलं, तू फुंकायचं काम कर.

५ डिसेंबर, पहाट, दौंड
मांडवाबाहेर लिहितोय. कडाक्याची थंडी, सगळ्यावर दव. पडदे ढिले वाटतात. यावर उपाय ठाऊक आहे. थंडीत हलगी बसली की पाचटाच्या जाळावर शेकतात, खणखणीत होते. वाद्य इंग्रजी असलं म्हणून थंडी थोडीच इंग्रजी आहे! धम्मदीपला सहज विचारलं, शेकू का? म्हणाला, कॅप्टन, तुम्ही म्हणाल ते चामडं. नवनाथनं स्वतः उसाच्या फडातून आणखी पाचट आणून टाकलं. आणि म्हणाला, शेका, चांगलं शेका, घाई न्हाई. इतक्या वर्षांत पहिल्यांदा टीमवर्क दिसलं.

५ डिसेंबर, दुपार
पहिला पडदा पापडासारखा आकसला. मग मध्ये भोक. दुसरा तोवर खाली ठिबकायला लागला होता. मालच डुप्लिकेट. ऑर्केस्ट्रा बंद का पडला ते कळलं.
वरात निघून गेली. मी पिकअपपाशी. लांबून ऐकलं. कान आहेत मला. बँड कधी नव्हे इतका छान वाजत होता. दहा-बारा दिवस माझ्यासोबत तालीम केल्याचा परिणाम.
जेवताना आप्पा नवनाथच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, लेका, तुमच्या बँडमधलं गाणं आज पहिल्यांदा ऐकू आलं! त्यांच्या व्याह्यांनी मला हाक मारली. वाटलं, टिंपनीबद्दल विचारतील. म्हणाले, आचारी, ती तुमची तांब्याची भांडी वाटेतून जरा बाजूला घ्या की.
घेतली. पाहुण्यांशी वाद नको.

७ डिसेंबर
बँडची मीटिंग होती. बोलावणं आलं नाही. घाईत राहून गेलं असेल, म्हणून आपणच गेलो. मी आत गेल्यावर सगळे मोबाईलमध्ये बघायला लागले. दरारा.
कॅप्टन नवनाथ. ठराव एकमतानं पास. मी विरोधात हात वर केला होता. धम्मदीप म्हणाला, मामा, पंख्याचं बटण वर न्हाई, तिकडं भिंतीवर हाय.
कालपर्यंत कॅप्टन म्हणायचा.
निघालो तर पाठीमागून नवनाथची हाक. मनात म्हटलं, लाजला. आता पाया पडेल. म्हणाला, मामा, कॅप्टनची टोपी ठेवून जावा.
दिली. त्यानं तिथंच घालून बघितली. ढिली झाली, कानांवर आली. म्हटलं बघा, सगळे बघा, डोकं कुणाचं मोठं!
त्यानं आत पेपरची घडी घातली. बसली.