माणसं शुद्धीत, कॅमेरा झिंगलेला

तीर्थस्वरूप सिग्रून आत्यास,

स्टेफानचा साष्टांग नमस्कार (तू पाय मागे घेतलेस तरी तो पोचला असं मी धरून चालतो). गुडघा कसा आहे? तळ्यावरचा बर्फ फुटला का? चर्चच्या बायकांचा आलूबुखाराच्या थरांचा केक यंदा कुणी करपवला? इकडे विनिपेगला मी खुशाल आहे, म्हणजे परवा तुझा फोन येईपर्यंत होतो.

"ती फिल्म कचऱ्यात टाक, नाहीतर माझ्या दारात पाऊल ठेवू नकोस," एवढं बोलून तू फोन आपटलास. दार तुझं, तेव्हा बोलायचा हक्कही तुझा. पण आत्या, ती फिल्म पुढच्या महिन्यात शहरात होणाऱ्या लघुपट महोत्सवासाठी निवडली गेली आहे, आणि मला तुझं दारही हवं आहे आणि फिल्मही. चर्चच्या तळघरात कॉफी पिताना कुणीतरी ती तुला फोनवर दाखवली, आणि तळ्याकाठच्या तुझ्याच घरात साठ पोरं दारू पिऊन धिंगाणा घालताना तुला दिसली (चष्मा घरी विसरली होतीस तरी दिसली). मी किल्ली मागताना पक्ष्यांवर फिल्म करतोय म्हणालो होतो, हेही तुला आठवलं. पक्षी आहे गं. तिसऱ्या मिनिटाला खिडकीबाहेर एक पेलिकन जातो.

खरं सांगू, तुझ्या शिव्या ऐकून मी खोलीत नाचलो. कारण तिथे साठ माणसं नव्हतीच, आठ होती, तीही आमच्या कर्लिंग क्लबातली, बर्फावर दगड सरकवणारी, आणि सकाळची न्याहारी नुकतीच झाली होती. खिडक्यांवर तुझ्या गोधड्या ठोकून आम्ही रात्र केली. बाटल्यांत कोरा चहा होता. कॅमेऱ्यासमोरून नाचत गेलेला माणूस पाठीमागून वाकून धावत जायचा, टोपी बदलायचा आणि दुसऱ्या बाजूने पुन्हा नाचत यायचा. जाडा गॉर्डन तर एवढ्या वेळा फिरला की शेवटी धाप लागून पायरीवरच बसला, आणि तोच आमचा 'पिऊन पडलेला' माणूस झाला. आमच्या धंद्यातली खरी गोम अशी की माणसं शुद्धीत ठेवायची आणि झिंगवायचं कॅमेऱ्याला. कॅमेरा धरणारा डेव्हिन कर्मठ मेनोनाइट ख्रिस्ती घरातला, दुधापलीकडे कशाला शिवलेला नाही. त्याला मी दिवसभर ओरडत होतो, "अरे, लडखड जरा, तू लग्नाची वरात काढतोयस का?" तो बिचारा म्हणे, "लडखडायचं कसं ते आधी करून दाखव ना." मग दोघं हातात हात घालून तुझ्या स्वयंपाकघरात लडखडण्याची तालीम करत होतो.

उरलेलं पाप ओक्सानाचं. ती संकलन करते, म्हणजे कात्री हातात घेऊन खोटं बोलते. "नाचणाऱ्याचे पाय जमिनीला लागायच्या आत कापायचं," असं तिचं म्हणणं, "पाय टेकले की माणूस शहाणा दिसायला लागतो." ज्या चुंबनाला तू शी म्हणालीस त्यातली दोघं एकाच दिवशी तिथे नव्हतीसुद्धा; तिने उशीचं घेतलं, त्याने दाराच्या चौकटीचं. मारामारीतला ठोसा हातभर लांबून गेलाय, आवाज मात्र कोबीचा गड्डा आपटल्याचा. ओकारी म्हणजे तुझ्याच डब्यातली ओटची पेज, आणि उरलेली त्या ओकणाऱ्या पोरानेच साखर घालून खाल्ली. कापाकापी इतकी झपाट्याची की बघणाऱ्याला विचार करायला फुरसतच मिळू नये. तुला मिळाली नाही, यातच आम्ही जिंकलो.

पण एक गडबड होती. पहिल्यांदा सगळं जोडून पाहिलं तेव्हा ओक्साना तोंड वाकडं करून म्हणाली, "झिंगलेत सगळे, पण मजा एकालाही येत नाहीये." आणि ते खरंच होतं. मी दोन रात्री झोपलो नाही. मग शेवटी ती उडी घातली, होडीघराच्या छपरावरून पेटती फुलबाजी घेऊन तळ्यात मारलेली, आणि फिल्म जिवंत झाली. परीक्षकांनी कळवलंय की या एका उडीसाठी आम्ही ही फिल्म घेतली. त्याच उडीवर तू सगळ्यात जास्त भडकलीस. "ती पांढऱ्या फ्रॉकातली निर्लज्ज कार्टी कुणाची? नंबर दे, तिच्या आईलाच फोन करते." तर आता राग सोड, आणि महोत्सवाला ये. पहिल्या रांगेतली खुर्ची धरून ठेवतो.

तुझा भाचा,
स्टेफान

ता. क. तुझं जाळीचं दार मात्र खरोखरच मोडलं. डेव्हिन उलट्या पावली लडखडत त्यातून पार अंगणात गेला. तो तेव्हा पूर्ण शुद्धीत होता, आणि ही एकच गोष्ट कुणालाही पटत नाही.

ता. क. २. काम संपल्यावर आम्ही खरी पार्टीही केली. तीही चित्रित केली होती. त्यात सगळे जण जमिनीवर बसून गॉर्डनचा एक बूट शोधताहेत. ओक्सानाने ती फेकून दिली.

ता. क. ३. त्या कार्टीच्या आईला फोन लागणार नाही. आजीला जाऊन बारा वर्षं झाली. ती टेप मला ब्यार्नीकाकांच्या कपाटात सापडली, तुमच्या लग्नाच्या आदल्या उन्हाळ्याची. मी तुला न विचारता घेतली, आणि आता महोत्सववाले म्हणताहेत की जी दिसते तिचा होकार हवा, नाहीतर फिल्म बाद. डेव्हिनला इतकं शिकवूनही जसा हलवता आला नाही तसा त्यात कॅमेरा हलतो, कारण तो धरून काका हसताहेत. त्यांचं हसू इतक्या वर्षांनी ऐकून मला रडू आलं. उडी मारण्याआधी तू मागे वळून म्हणतेस, "ब्यार्नी, ते आधी बंद कर." काकांनी केलं नाही. मी करू का, ते शुक्रवारपर्यंत कळव.