भाजणं वेगळं, जाळणं वेगळं

७ एप्रिल
राखोलीच्या कंपनीने ब्रेक देऊन घरी बसवल्यापासून हे सर्वेचं काम. सिल्व्हासाहून बसने खानवेल, पुढे पायी. डोंगरात आग लावून शेती करता का, सोडणार का, एवढंच विचारायचं. सगळे 'नाय' म्हणतात, आणि मागे शेतात काळे डाग! धुळ्याचा आहे म्हटलं मी, कोणाच्या बापाला फसणार नाही.

९ एप्रिल
एक सापडली. रमीआजी, नाचणीवाली. सून 'नाय' म्हणत होती, आजीने तिला गप्प केलं. "राब भाजतो. चोरी हाय का?" फॉर्मात राब हा शब्दच नाही. 'जंगल जाळता का?' त्यापुढे 'हो' लिहिलं, अंगठा घेतला. कोरा चहा दिला. आधी तिला पिऊ दिला, मग मी; भरवसा काय.

१० एप्रिल
सुपरवायझर साहेबांनी आजीच्याच फॉर्मचा फोटो काढला. फोनवर कोणाला तरी "मळी गयुं". काय मिळालं? विचारलं तर म्हणे, तू फॉर्म भर. डाळीत काहीतरी काळं आहे.

१२ एप्रिल
सुट्टी. तरी आजीकडे गेलो. राब दाखव म्हटलं. झाड उभंच, फांद्या फक्त छाटलेल्या. त्या, पाला, शेण, वर माती. रोपाच्या वाफ्यापुरतं भाजायचं. तण मरतं, रोप जोमानं येतं. यात जंगल कुठे जळालं?
आजीही कंटाळलीय. पोरं मसाटला कंपनीत, फांद्या वाहणार कोण. "सोडीन तर मी सोडीन. कागदानं नाय."
निघताना कळलं, तिच्या जंगलजमिनीच्या पट्ट्याचा अर्ज अजून अडकलाय. जंगल जाळणारीला पट्टा कोण देणार?

१३ एप्रिल
साहेबांना म्हटलं चूक माझी, भाजणं वेगळं, जाळणं वेगळं, फॉर्म द्या. "शब्दाने काय फरक पडतो?" मग द्यायचा ना परत! म्हणे वर पाठवला. वर म्हणजे कुठे, ते सांगत नाही.

२१ एप्रिल
सुनेचा फोन. आजीला पट्ट्याच्या चौकशीला सिल्व्हासाच्या कचेरीत बोलावलंय. धावत गेलो. बाकावर बसली होती, हातात कोणीतरी दिलेली झेरॉक्स. वाच म्हणाली. माझंच अक्षर. 'जंगल जाळता का? हो.' खाली तिचा अंगठा, माझी सही.
मी वाचलं, "राब भाजतात."
"बरोबर लिवलंस," म्हणाली. लाज वाटली.
आतून तिचं नाव पुकारलं. आजीने माझं मनगट धरलं.
"चल. तूच वाचून दाखव त्यांना."