खेकड्याचं पान

ताई,
साष्टांग नमस्कार. पुढचं वाचून चिडशील, म्हणून आणखी एक आगाऊ.

मी ठीक आहे, वेळेवर जेवते. आईचा गुडघा कसा आहे?

आपण पदरमोड करून छापलेलं पुस्तक आज इथल्या वाचनालयात मुलांना वाचून दाखवायला बसले. मुलांच्या डोक्यावर आईबापांचे मोबाईल. खेकड्याचं पान उघडलं, तर एक बाप मध्ये उभा राहून पोराला म्हणतो, "पुस्तकात काय बघतोस, इकडे बघून हस." तू डोळे फोडून काढलेलं चित्र, आणि पोराला बघायची चोरी. माझं डोकंच फिरलं.

जिभेला आवर घाल म्हणाली होतीस. घातला. "मोठ्यांनी बाहेर थांबा" एवढंच म्हणाले आणि आतून कडी लावली.

गोष्ट संपली तेव्हा पालक दार बडवत होते. मुलं म्हणाली, "परत वाच." मी परत वाचली, सावकाश.

पुस्तक एकानेही घेतलं नाही. उद्याचं वाचनही रद्द झालं. खोकी परत आणतेय, माळ्यावर जागा कर. माफी मी मागणार नाही.

एक प्रत मात्र विकायची नाही. तिच्यातल्या खेकड्यावर सगळ्या पोरांच्या बोटांचे डाग पडलेत.

तुझी तापट धाकटी