तिकडले लोक काय खातात

बा, तू एकदा विचारलं होतंस, तिकडले लोक काय खात असतील. आपल्या विहारात नवी मूर्ती बसली तो दिवस. सोनेरी, माणसाएवढी उंच, चेहऱ्यावर हसू असं की हसून राहिली का नाही ते कळू नये. कुणीतरी सांगितलं की ही थायलंडहून आली, तिकडल्या लोकांनी दान दिली. वंदना झाली, सगळे खीर खात बसले, आणि तू तुझी वाटी माझ्याकडं सरकवून मूर्तीकडं बघत म्हणालास, "लई लांबून आले की. काय खात असतील रे तिकडले लोक?" मी म्हणालो, "भाकर." तू हसलास. "भाकर कुठून, येडपटा? तिकडं जवारी हाय का?" घरी जाईपर्यंत आपण तेवढ्यावरच बोलत गेलो. तू म्हणालास मासे खात असतील, मी म्हणालो फणस. दोघांनाही काहीच माहीत नव्हतं आणि दोघांनाही मजा वाटत होती.

तर आता सांगतो. भात खातात. पण एक भात नाही, जितके मुलूख तितके भात. मी बँकॉकमध्ये एका इंडियन हॉटेलात तंदूर लावतो. सातवीतून शाळा सुटली, मग नांदेडचा ढाबा, मग मुंबईची एक भटारखान्याची नोकरी, तिथल्या उस्तादानं इकडं आणलं. पायाला भिंगरी आहेच, ती तुला माहीत आहे. सुट्टी मिळाली की मी स्टेशनवर जातो आणि तिसऱ्या दर्जाचं तिकीट काढतो. खिडक्या उघड्या, बायका डब्यात चढून काडीला टोचलेली भाजलेली कोंबडी विकतात. वर उत्तरेला गेलो तर डोंगर लागतात, तिथं पिवळ्या रश्शात शेवया देतात आणि वरून तळलेली कुरकुरीत शेव टाकतात, आपण मिसळीवर टाकतो तशी. ईशान्येला गेलो तर रान उघडं, भुई तडकलेली, म्हशी, बाभळीसारखी झाडं. तिथले लोक बांबूच्या टोपलीतून चिकट भात काढतात, बोटांनी त्याचा गोळा करतात, अन् कच्ची पपई, मिरच्या, लसूण मातीच्या उखळात कुटून त्याच्यासंगं खातात. तो कुटायचा आवाज ऐकला आणि मला वाटलं शेजारच्या घरी ठेचा होऊन राहिला. तिथली माणसं कमाईला बँकॉकला जातात, बांधकामावर, टॅक्सीवर. मला बघून ती डब्यात सरकून जागा देतात. का देतात ते मी विचारलं नाही.

आणि एक गोष्ट तुला फार आवडली असती. इथली रेल्वे आपल्या छोट्या लाईनीएवढीच आहे. रूळ तेवढेच जवळ, डबा तसाच डुलतो, तसाच खडखडतो. आपल्याकडची लाईन आता उखडून मोठी टाकली, असं काका फोनवर म्हणाला. पण मी इथं डोळे मिटतो आणि हिंगोली स्टेशन येतं. लहानपणी घरातून पळालो होतो तसा मी बाकड्यावर बसलेला आहे, कुठल्याही गाडीत चढायला तयार, आणि तू सायकल ढकलत प्लॅटफॉर्मवर येऊन राहिलास. मारत नाहीस. शेजारी बसतोस. भज्यांचा पुडा माझ्या हातात देतोस, स्वतः चहा घेतोस.

"कुठवर जायाचं होतं?"

"गाडी जाती तिथवर."

"मंग खाऊन तरी जाय ना. उपाशी काहून निघाला?" आणि थोड्या वेळानं, चहाचा कप खाली ठेवून, खऱ्या रागात: "कुठंबी जाय. पर उपाशी जाशील तर याद राख."

दुसऱ्या दिवशी खुंटीला एक फडकं बांधलेलं होतं, त्यात दोन भाकरी. जवा जाशील तवा घेऊन जा, एवढंच म्हणालास. रोज ताज्या बांधायचास. त्या दोन भाकरींनी मला तुझ्या रागापेक्षा जास्त अडवलं. त्या घेऊन पळून जाणं म्हणजे सांगून जाण्यासारखंच झालं असतं.

माय गेल्यापासून चूल तुझीच होती. गल्लीत तेव्हा दुसरा कुणी बाप्या चूल फुंकत नव्हता. उन्हाळ्यात तू हळद शिजवायच्या कढईवर कामाला जायचास. रानात मोठी कढई, खाली जाळ, वर वाफ, आणि त्या वाफेत तू येतोस जातोस, कधी दिसतोस कधी नाही. घरी यायचास तो पिवळा होऊन. हात पिवळे, मान पिवळी, भाकरीवर पाच बोटं पिवळी. समोरची काकी दारातूनच ओरडायची, "काय भाऊजी, आज पुन्ना हळद लागली का? नवरी कवा आनता?" तू परातीतून मान वर न काढता म्हणायचास, "आनली असती वैनी, पर तिला भाकर कोन करून घालंल?" काकी पदर तोंडाला लावून हसायची. भाकर तुला नीट जमत नव्हती. थापताना गोल यायची, पण तव्यावर टाकली की तू गोष्ट सांगत बसायचास आणि एक तरी करपायची. ती तू स्वतःच्या ताटात घ्यायचास. मी बघितलं की म्हणायचास, "मला करपलेलीच आवडती. दाताला बरी लागती."

तो शेवटचा उन्हाळा. तू थकून राहिला होतास, जेवण जात नव्हतं, आणि डोळे पिवळे झाले होते. सगळे म्हणाले, हळदीच्या वाफेत उभा राहतो, हळद डोळ्यात गेली असेल. काकी म्हणाली, तू म्हणालास, मीही म्हणालो. दुसऱ्या गावात, दुसऱ्या महिन्यात कुणीही बघताच कावीळ ओळखली असती. आपल्याकडं हळदीच्या दिवसात पिवळा माणूस कुणाला नवा वाटतो? दवाखान्यात नेलं तेव्हा डॉक्टरनं तुझा हात ओल्या कापसानं पुसला. कापूस पिवळा झाला आणि हातही पिवळाच राहिला.

त्यानंतर किती वर्षं मी हळदीचा वास टाळला. हॉटेलात मसाला वेगळा माणूस बघतो, मी तंदूर. तिथं भाज्या चिरायला थायलंडच्याच दक्षिणेकडची एक बाई आहे, तू असतास तर तुझ्याच वयाची. मी तिला मावशी म्हणतो, मराठीतच, आणि ती त्याला ओ देते. दर वर्षी पावसाच्या अखेरीला ती गावाला जाते. त्यांच्यात दहाव्या महिन्यात मेलेली माणसं घरी येतात म्हणे, पंधरा दिवस राहतात, मग परत जातात. या वेळी म्हणाली, चल. मी गेलो. रिकाम्या हातानं जाऊ नये म्हणून इंडियन दुकानातून ज्वारीचं पीठ घेतलं, आमच्याकडं काय खातात ते तिला दाखवायला.

तिच्या घरी पोचलो तर ती मागच्या अंगणात खलबत्ता घेऊन बसलेली. ओली हळद, आताच उपटलेली, मिरच्यांसंगं कुटून राहिली होती. तिकडं दक्षिणेत माशाच्या रश्शात ती घालतात, रस्सा पिवळाधमक आणि इतका आंबट-तिखट की कान गरम होतात. मी दारातच थांबलो. तिचे हात, बा. मनगटापर्यंत.

ती म्हणाली, "उद्या देवळात न्यायचं. ज्याला जे आवडायचं ते त्याच्यासाठी. तुझ्या बापाचंही करू."

मी म्हणालो, आमच्यात हे करत नाहीत. आम्हीही बौद्धच, पण पितर, कावळ्याचा घास, सगळं आमच्या आजोबांनीच सोडलं. माझा बाप म्हणायचा, मेलेला माणूस जेवत नसतो, जित्याला घाल.

"बरोबर बोलला," ती म्हणाली. "मेलेला जेवत नाही. भिक्खू जेवतो. म्हणून तर भिक्खूला घालायचं. बोल, त्याला काय आवडायचं?"

मी पटकन सांगितलं, "करपलेली भाकर."

तिचा हात थांबला. "करपलेलं कुणाला आवडतं?"

"माझ्या बाला. रोज तीच घ्यायचा."

तिनं माझ्याकडं बघितलं. खलबत्ता परत सुरू झाला. मी पायरीवर बसलो आणि ऊन उतरेपर्यंत आठवत राहिलो. खीर? ती तू माझ्याकडं सरकवली होतीस. भजे? तू चहा घेतलास. मटण व्हायचं तेव्हा नळी माझ्या ताटात. उसाचं कांडं सोलून माझ्या हातात. जे जे आठवलं ते सगळं तुझ्याकडून माझ्याकडं येत होतं. तुझ्या तोंडात जाताना मला एक करपलेली भाकरच दिसली. तू रोज विचारायचास, काय करू रे आज? मी उलटून एकदाही विचारलं नाही. लेकरू होतो, लेकरं विचारत नाहीत. पण आता मला विचारलं गेलं होतं आणि सकाळी उत्तर घेऊन जायचं होतं.

पहाटे मी तिच्या गॅसवर भाकरी थापल्या. पातळ तवा, पहिलीच करपली. बाकीच्या जमल्या, तुझ्यापेक्षा बऱ्या, राग मानू नको. चांगल्या दोन फडक्यात बांधल्या, संगं तिचा पिवळा रस्सा. देवळात गर्दी, फुलं, तांदळाच्या पिठाची सुतासारखी तळलेली जाळीदार मिठाई, आणि कुंपणाजवळ ज्यांचं कुणीच नाही त्यांच्यासाठीही वेगळा ओटा मांडलेला. म्हातारा भिक्खू भाकर उलटीपालटी करून बघत राहिला, मग मूर्तीसारखाच हसला, हसला का नाही कळू नये असा. मावशीनं माझ्या हातात पाण्याची छोटी झारी दिली. झाडाच्या बुडाशी पाणी सोडायचं आणि गेलेल्याचं नाव घ्यायचं, म्हणजे दानाचं पुण्य त्याला पोचतं म्हणे. मी तुझं नाव घेतलं, मोठ्यानं. समोर तू असताना कधी घेतलं नव्हतं.

घरी येऊन जेवायला बसलो. मावशीनं ती करपलेली उचलली. मी तिच्या हातातून काढून घेतली आणि चांगली तिच्या ताटात ठेवली. "ती मला दे. मला करपलेलीच आवडते."

ती हसली. "हं. तुझ्या बापासारखाच."

बा, हा कागद मी पिठाच्या रिकाम्या पिशवीत घालून ठेवतोय. तुला काय आवडायचं ते मला अजूनही माहीत नाही. एवढं मात्र कळलं, करपलेली कडू लागते. मी सगळी खाल्ली.